असिस्टेड लिव्हिंगमध्ये वडिलांसाठी खोली निवडताना नेमकं काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की वडील वॉकर घेऊन चालतात, असिस्टेड लिव्हिंगच्या, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या ज्येष्ठांच्या निवासांच्या, दोन जागा बघून झाल्या आहेत आणि दोन्हीकडे खोलीचं क्षेत्रफळ नियमात बसतं. मग ठरवायचं कशावरून? ज्येष्ठांच्या निवासांचे आराखडे तपासणं हे माझं काम आहे, म्हणून ठामपणे सांगते: आधी पलंगापासून संडासापर्यंतची वाट बघा. रात्री झोपेतून उठून वडील एकटे चालणार आहेत ते तिथेच.

क्षेत्रफळाचा आकडा रिकाम्या खोलीचा असतो. पलंग, कपाट, खुर्ची लागल्यावर काय उरतं ते मोजा. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला साधारण 150 सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. आज वॉकर असला तरी उद्याचा विचार आत्ताच केलेला बरा, कारण ऐंशीच्या घरातल्या माणसाला खोली बदलणं फार जड जातं. दाराची चौकट मोजू नका. दार पूर्ण उघडल्यावर जाण्यायेण्यापुरती जागा किती राहते ते मोजा. 82 सेंटिमीटरपेक्षा कमी नको, 90 असेल तर उत्तम.

बाथरूमला सगळ्यात जास्त वेळ द्या. दार आत उघडणारं असेल तर माझ्या मते ती खोली नाकारण्याइतकं ते गंभीर आहे. माणूस आत दारालगत पडला, तर बाहेरून दार ढकलताच येत नाही. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं आणि कडी अडचणीच्या वेळी बाहेरून काढता यायला हवी. कमोडची बैठक 43 ते 48 सेंटिमीटर उंच असली की उठताना गुडघ्यांवर ताण कमी येतो. आधाराच्या दांड्या हाताने जोरात ओढून बघा. टॉवेलची दांडी म्हणजे आधार नव्हे. शॉवरच्या जागेला उंबरा नको. मदतीच्या घंटेची दोरी जमिनीपर्यंत येते का, हेही बघा. बऱ्याच ठिकाणी ती नीटनेटकी गुंडाळून वर अडकवलेली असते, म्हणजे पडलेल्या माणसाला तिचा काही उपयोग नाही.

गरम पाण्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही. 60 अंश सेल्सियसच्या पाण्याने पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, म्हातारपणी कातडी पातळ झाल्यावर त्याहून लवकर. टाकीत मात्र पाणी तेवढं गरम ठेवावं लागतं, नाहीतर न्यूमोनियासारखा आजार करणारे लेजिओनेला जिवाणू वाढतात. म्हणून नळाआधी थंड पाणी मिसळून तापमान उतरवणारा व्हॉल्व्ह आहे का, हे स्पष्ट विचारा. नळाला 49 अंशांच्या वर पाणी येऊ नये.

उजेडाचं म्हणाल, तर साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. पलंगावरून हाताला लागेल असं बटण आणि वाटेवर मंद दिवा हवाच.

आणि खोली त्यांची आहे, वॉर्ड नाही. दार आतून लावता येतं का, घरची खुर्ची आणू देतात का, कर्मचारी दार वाजवून थांबतात का, पलंगावर पडल्या पडल्या खिडकीतून बाहेर दिसतं का, हे तिथे राहणाऱ्यांनाच विचारा. मी या गोष्टींना फरशीपेक्षा किती तरी जास्त महत्त्व देते.

शेवटी वडिलांनाच घेऊन जा. दिवे मालवून, वॉकरसकट, पलंगावरून उठून कमोडवर बसून परत येऊ द्या. जमलं, तर तीच खोली तिच्या क्रमांकासह करारात लिहून घ्या; नमुन्याची खोली एक आणि प्रत्यक्षात मिळणारी दुसरी, असं होतं.