मुलगी घाबरट नाही, तुम्ही तिला बोलूच देत नाही

पत्र थोडक्यात: मुलगी एमएस्सी ॲनालिटिकल केमिस्ट्री, गोवा युनिव्हर्सिटी. तीन वर्षं वेर्ण्याच्या एका फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांच्या गुणवत्ता तपासणीला आहे. सीनियरची जागा निघाली, तरी तिने अर्ज केला नाही, 'मला जमणार नाही' म्हणाली. मीटिंगमध्ये गप्प असते. तिने नोकरी सोडून एलडीसीच्या, म्हणजे सरकारी कारकुनाच्या परीक्षेला बसावं असं मला वाटतं, तोवर एखादा कॉन्फिडन्सचा कोर्स सुचवा. – एक वडील, डिचोली

नमस्कार,

मला तिच्या गप्प बसण्यापेक्षा तुमचं एक वाक्य जास्त खटकलं. 'तिच्याने होणार नाही हे मला आधीपासून माहीत होतं.' मी तुम्हाला ओळखतही नाही, तरी मला हे लिहिलंत, मग घरात हे किती वेळा बोलला असाल? गणेश चवथीला सगळा गोतावळा जमला तेव्हा भाच्याला सरकारी नोकरी लागली म्हणून त्याचं कौतुक झालं आणि हिला सगळ्यांसमोर 'तुझं काय, पर्मनंट कधी होतेस' असं विचारलंत, आणि वर लिहिता की सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. सगळ्यांनी म्हणजे कोणी? ती हसली का?

आता तुम्ही ओघात लिहून गेलात ती गोष्ट परत वाचा. दुसऱ्यांचा डेटा तपासायला सीनियर तिच्याकडेच देतात, आणि एकदा क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे औषधात काय काय आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, एक बारीकसा जादा पीक, म्हणजे उंचवटा, तिने धरला, बाकीचे नॉइज, मशीनची खरखर, म्हणून सोडून देत होते, मग बॅच थांबली, चौकशी झाली, ती रात्री उशिरा घरी आली आणि तुम्ही उशीर झाला म्हणून चिडलात. अहो, बॅच थांबवणं खायचं काम नाही, प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसतात, डिस्पॅच अडतो, सगळे तुमच्याकडेच बघतात, आणि तरी ही बाई 'पीक आहे' म्हणून ठाम राहिली. हिला घाबरट म्हणायचं?

क्यूसीत शंका घेणं हाच तर जॉब आहे, एकाने केलेलं दुसऱ्याने तपासायचं, तेव्हाच सही. फक्त रीडिंगवर घ्यायची शंका ती स्वतःवर घ्यायला लागली की घोटाळा होतो. 1978 साली क्लान्स आणि आयम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर पहिल्यांदा लिहिलं, त्यांनी पाहिलेल्या बायका शिकलेल्या, नाव कमावलेल्या, पण आतून वाटायचं की आपण सगळ्यांना फसवलंय, एक दिवस पकडले जाऊ. हा आजार नाही, आणि ज्यांचं काम चांगलं असतं त्यांनाही हे होतं.

आता कोर्सचं. आधी कॉन्फिडन्स यायला हवा, मग माणूस पुढे येईल, हा तुमचा मोठा गैरसमज आहे आणि पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटवाल्यांचा धंदा त्याच्यावरच चालतो. होतं उलटं. अल्बर्ट बँड्युरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्येच मांडलं की 'मला हे जमेल' हा विश्वास सगळ्यात पक्का येतो तो स्वतः काम पार पाडून, दुसऱ्याने 'तू करू शकतेस' म्हटल्याचा असर त्या मानाने कच्चा असतो. आरशासमोर उभं राहून भाषण ठोकल्याने ती मीटिंगमध्ये बोलायला लागणार नाही, मीटिंगमध्ये एकदा बोलली की दुसऱ्यांदा बोलेल. त्यात आणखी एक, तुम्ही लिहिलंय ती चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होती, पाचवीपासून इंग्लिश. आपल्याकडे हजारोंचं असंच झालंय. शिकायला इंग्लिश पुरतं, पण दहा जणांत पटकन तोंड उघडायची वेळ आली की वाक्य डोक्यात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो, त्याला लोक कॉन्फिडन्स नाही म्हणून मोकळे होतात. तिने मीटिंगच्या आधी एकच वाक्य तयार ठेवावं, आपल्याच डेटाबद्दल, आणि ते सुरुवातीलाच बोलून टाकावं, शेवटपर्यंत थांबलं की छाती जास्त धडधडते.

एलडीसी द्यायची तर देऊ दे, गोवा कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा आहे, कोकणी यायला हवी, नेट ही पात्रता परीक्षा देऊन लेक्चररशिपचाही रस्ता आहे. पण तिला हवं असेल तर. भीतीपोटी खुर्ची बदलली तर तीच भीती पणजीच्या ऑफिसात फायलींमागे बसेल, फक्त पगार पक्का.

सीनियरच्या जागेसाठी तिने बॉसला जाऊन सरळ विचारावं, 'या पोस्टसाठी माझ्यात नेमकं काय कमी आहे?' उत्तर ऑडिटचा अनुभव असं आलं तर ते शिकता येतं. 'काही नाही, तू अर्जच केला नाहीस' असंही येऊ शकतं, मला तरी तसंच वाटतं.

झोप उडाली असेल, सकाळी कंपनीची बस आली की पोटात गोळा येत असेल तर मात्र थांबू नका, बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात दाखवा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तुमच्यासाठी काम एकच: महिनाभर पर्मनंट हा शब्द घरात काढायचा नाही, भाच्याचं नावही नाही. जेवताना विचारायचंच असेल तर आज लॅबमध्ये काय आलं ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका, समजलं नाही तरी चालेल. आणि पुढचं पत्र तिलाच लिहू दे, तिची इच्छा असेल तर, तुम्ही डिक्टेट करू नका.