आईवडिलांना घेऊन नान, फ्रे, लांपांगला जावे का?

तुम्ही विचारले आहे की चियांग माई दोनदा पाहून झाले आहे, या वेळी आईवडील बरोबर येणार आहेत, हाताशी आठ दिवस आहेत, तर उत्तर थायलंडमधील नान, फ्रे, लांपांग अशा कमी गाजलेल्या शहरांत जावे का, आणि तिथे ‘पाहण्यासारखे पुरेसे’ आहे का. जरूर जावे, हे माझे उत्तर. ‘पुरेसे’ या शब्दाविषयी मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण याच शब्दावरून माझा आणि माझ्या मोठ्या भावाचा वाद अजून मिटलेला नाही.

२०२२ च्या डिसेंबरात दादाने आईला एका टूर कंपनीबरोबर बँकॉक आणि पट्टायाला नेले. पाच दिवसांत एकोणीस ठिकाणे होती. सकाळी साडेसहाला नाश्ता, सातला बस, प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, आणि मध्येच कोणालाच नको असलेल्या रत्नांच्या दुकानात दीड तास. आई तेव्हा ६७ वर्षांची होती आणि तिचे गुडघे आधीपासूनच दुखत होते, त्यामुळे शेवटचे दोन दिवस बाकीचे खाली उतरत आणि ती बसमध्येच बसून राही. घरी आल्यावर मी विचारले, काय काय पाहिलेस? ती म्हणाली, “गाडी बरी होती.” दादाचा हेतू चांगला होता आणि खर्चही त्यानेच केला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये मी तिला पुन्हा थायलंडला नेले, फक्त तीन शहरांत, अकरा दिवसांसाठी.

बँकॉकहून रात्रीच्या शयनयान गाडीने आम्ही पहाटे देन चाय स्थानकावर उतरलो. फ्रे शहर तिथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे आणि मागे दोन बाकडी टाकलेल्या छोट्या गाडीने, म्हणजे सोंगथेवने, तिथे जाता येते. फ्रे हे सागवानाचे गाव आहे. मराठी माणसाने तिथे जाताना एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती म्हणजे इथल्या जंगलतोडीत मोठा वाटा असलेल्या कंपनीच्या नावातच मुंबई आहे. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात सागाचे ठेके घेत होती, आणि यॉम, वांग, नान या नद्यांत सोडलेले ओंडके चाओ फ्राया नदीतून वाहत बँकॉकपर्यंत पोहोचत असत. यॉम नदीकाठची तिची शंभराहून अधिक वर्षे जुनी लाकडी कचेरी जून २०२० मध्ये दुरुस्तीच्या नावाखाली पार उतरवण्यात आली, तेव्हा फ्रेच्या लोकांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला होता. १८९७ मध्ये बांधलेले वोंगबुरी घर अजून उभे आहे आणि ते अवश्य पाहावे. त्याची नाजूक लाकडी झालर सगळे पाहतात, पण आत माणसांच्या खरेदीविक्रीचे जुने कागदही मांडलेले आहेत, ते वाचल्यावर त्या झालरीकडे पाहण्याची नजर बदलते. फ्रेमध्ये आम्ही दोन रात्री राहिलो. आईने तिथे निळीत रंगवलेला सुती सदरा घेतला, ज्याला तिथे मो होम म्हणतात, आणि आता ती तो शेतावर जाताना घालते.

फ्रेहून नानला बसने दोन-अडीच तास लागतात. नानविषयी लिहिण्यासाठीच मी हे उत्तर लिहायला घेतले आहे. लाओसच्या सीमेलगतचा हा डोंगराळ प्रांत १९३१ पर्यंत स्वतःच्या राजघराण्याच्या अमलाखाली होता, अर्थात बँकॉकचा मांडलिक म्हणून. तिथे आजही रेल्वे जात नाही. शहराच्या मध्यभागी वात फुमिन हे १५९६ साली उभारलेले मंदिर आहे, ज्याला चार दिशांना चार दारे आहेत आणि मधोमध चार बुद्धमूर्ती पाठीला पाठ लावून बसल्या आहेत. इमारतीच्या एका बाजूला दोन नागांची तोंडे आहेत आणि दुसऱ्या बाजूला शेपट्या, म्हणजे सबंध मंदिर नागांनी अंगावर वाहून नेल्यासारखे दिसते. आतल्या भिंतींवरची चित्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत. बाईच्या कानात काही सांगणाऱ्या तरुणाचे चित्र प्रसिद्ध आहे, गावातल्या प्रत्येक पिशवीवर तेच छापलेले असते आणि पर्यटक तेवढ्याच चित्रापुढे रांग लावतात. आई त्या चित्राकडे फारशी वळली नाही. मागावर बसलेल्या एका बाईच्या चित्रासमोर ती जमिनीवर बसली आणि तिच्या हातांची जागा, धोट्याची दिशा, लुगड्याचा काठ हे सगळे अर्धा तास पाहत राहिली. तिला कोणी ऊठ म्हटले नाही, कारण सातची बस नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या बाजारात गेलो. जमिनीवर केळीची पाने पसरून बसलेल्या एका वयस्क बाईपुढे लहान दाण्यांचे तपकिरी घोस होते. आईने वाकून एक दाणा उचलला, नखाने चुरडला, नाकाशी धरला आणि म्हणाली, “ह्यां तर आपलां तिरफळ.” मी वास घेतला आणि मला बांगड्याचे तिखले, म्हणजे माशाचे तिखट कालवण, आठवले. त्याला तिथे मखवेन म्हणतात. ते झँथॉक्सिलम प्रजातीतले आहे आणि आपले कोकण-गोव्यातले तिरफळही त्याच प्रजातीतले आहे. आमच्याकडे सुकलेल्या तिरफळाची काळी बी टाकून साल तेवढी घेतात, ती ठेचून बांगड्याच्या किंवा पेडव्यांच्या आमटीत घालतात. आईने हे सगळे त्या बाईला हातवाऱ्यांनी सांगितले, म्हणजे मासा कसा पोहतो, बी कशी फेकायची, दगडाने कसे ठेचायचे. त्या बाईने मान डोलावली, शेजारच्या मांसाच्या फळीकडे बोट दाखवले आणि हातानेच खिमा करून दाखवला. तिथे लाप नावाच्या खिम्यात हा मसाला पडतो, आणि त्यात मुरवून तळलेली कोंबडी ही नानची खास ओळख आहे. मग तिने आईला एक साल चावायला दिली. दोघींच्या जिभा बधिर झाल्या आणि दोघी तोंडावर हात धरून हसू लागल्या.

नानमध्ये आम्ही पाच रात्री राहिलो आणि उरलेल्या प्रत्येक सकाळी आई त्या बाजारात गेली. तिसऱ्या सकाळी त्या बाईने तिच्यासाठी प्लॅस्टिकचे एक बुटके स्टूल आणून ठेवले होते, कारण आदल्या दिवशी गुडघ्यांवर हात टेकून उठताना तिने आईला पाहिले होते. दोघींना एकमेकींचा एक शब्दही कळत नव्हता. आई तासभर त्या स्टुलावर बसे, गिऱ्हाइके पाहत असे, आणि मी पलीकडे कॉफी घेऊन थांबत असे. निघण्याच्या दिवशी त्या बाईने मखवेनची एक जुडी आईच्या हातात दिली. ती आम्ही मुक्कामाच्या मालकिणीला देऊन आलो, कारण बिया आणि झाडपाला विमानातून असा आणू नये हे मी आईला समजावले होते आणि तिने नाराजीने मान्य केले होते.

परत आल्यावर दादाने फोटो पाहिले आणि तिरफळ पाहायला थायलंडला जायची काय गरज होती, ती कणकवलीच्या बाजारात मिळतात, असे म्हटले. शिवाय आईला त्यातले काय कळले, असेही म्हटले. हे दुसरे वाक्य मला लागले आणि अजून लागते. ज्या बाईने जन्मभर तिरफळ वाळवले, तिला एका परक्या डोंगरातल्या बाजारात ते नुसत्या वासावरून ओळखता आले, यापेक्षा अधिक कळणे म्हणजे काय, हे दादाने मला सांगावे. तुमच्या प्रश्नातले ‘पुरेसे’ मला याच कारणाने खटकले. ठिकाणांची संख्या मोजायची असेल, तर या शहरांत ती कमीच भरते. नानमधली मंदिरे आणि १९०३ च्या राजवाड्यातले संग्रहालय, ज्यात लाकडी गरुडाने पेललेला काळा हस्तिदंत आहे, हे एका दिवसात आटोपता येते, आणि जो असे आटोपतो त्याला दुसऱ्या दिवशी कंटाळा येणारच. अशा माणसाने तिथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आईवडिलांना मात्र संख्येची गरज नसते. त्यांना बसायला जागा आणि उठायला वेळ लागतो, आणि या दोन्ही गोष्टी नानमध्ये भरपूर आहेत. संग्रहालयाच्या आवारातल्या चाफ्याच्या झाडांच्या फांद्या वरती एकमेकींत गुंतून कमान झाली आहे. तिच्या सावलीत आम्ही दोन दुपारी काढल्या.

लांपांगविषयी थोडक्यात सांगतो. वात फ्रा थात लांपांग लुआंग हे शहराबाहेरचे मंदिर उत्तर थायलंडमधील सर्वांत देखण्या लाकडी वास्तूंपैकी आहे, आणि बाजू उघड्या असलेला तिथला मोठा विहार पाहताना मला आमच्याकडच्या देवळांचे सभामंडप आठवले. त्याच आवारात एका अंधाऱ्या खोलीत भिंतीच्या छिद्रातून येणाऱ्या उजेडाने स्तूपाची उलटी प्रतिमा उमटते, पण त्या खोलीत बायकांना प्रवेश नाही. आई बाहेर उभी राहणार म्हणून मीही आत गेलो नाही. हा नियम मला पटत नाही आणि तो आधी माहीत असावा म्हणून लिहीत आहे. शहरात ब्रह्मी पद्धतीची मंदिरे बरीच आहेत, कारण सागाच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशातून आलेल्या लोकांनी ती बांधली. तोडलेल्या झाडांवरच्या आत्म्यांची शांती व्हावी हाही त्यामागे हेतू होता, असे तिथे सांगतात. झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, सांगणाऱ्या आमच्या गावात हे कोणाला नवे वाटले नसते. शनिवार-रविवारी संध्याकाळी नदीकाठच्या काड काँग ता या जुन्या व्यापारी रस्त्यावर बाजार भरतो. घोडागाड्या अजून चालतात, आईने त्यात बसायला नकार दिला आणि मी आग्रह केला नाही.

आता काही गोष्टी, ज्या मी खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. नोव्हेंबर ते जानेवारी याच काळात जा. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेतांतील आणि जंगलांतील जाळपोळीमुळे सगळा उत्तर भाग धुराने भरतो आणि वडिलांना दमा असेल तर तेव्हा मुळीच जाऊ नका. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतात, पण ऑगस्ट २०२४ मध्ये नान नदीला आलेल्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. जानेवारीत रात्री चांगल्याच थंड असतात, स्वेटर घ्या. आम्ही मासे खाणारे आहोत, त्यामुळे जेवणाची अडचण आली नाही. तुमचे आईवडील शाकाहारी असतील तर मात्र अडचण येईल, कारण भाजीतही नाम प्ला, म्हणजे माशांचा रस, असतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली खानावळ शोधावी, तिथे कांदा-लसूणही नसतो, पण लहान गावात ती संध्याकाळी उघडी असेलच असे नाही. इंग्रजी फार थोड्या लोकांना येते, फोनवरचे भाषांतर कामी येते. नानच्या खाव नोई टेकडीवर पायऱ्या आहेत, पण गाडी थेट वर जाते. लांपांगजवळच्या सुळक्यांवरच्या पांढऱ्या स्तूपांचे फोटो पाहून मोहात पडू नका, तिथे गाडीतून उतरल्यावरही उभी चढण आहे.

आठ दिवसांत तीन शहरे करू नका. फ्रे दोन रात्री, नान चार रात्री, आणि नानहून विमानाने बँकॉक. लांपांग पुढच्या वेळी. दादा म्हणेल की एवढ्या लांब जाऊन लांपांग सोडायचे का, तर सोडायचे. नानमध्ये मुक्काम वात फुमिनपासून चालत जाता येईल असा घ्या, म्हणजे शुक्रवार ते रविवार संध्याकाळी मंदिराशेजारी भरणाऱ्या बाजारात आईवडिलांना स्वतःच्या पायांनी जाता येईल. तिथे जेवायला चटया आणि बुटकी मेजे असतात. खाली बसवत नसेल तर कडेच्या कठड्यावर जागा धरावी, आम्ही तेच केले.

हे लिहिताना आई शेजारी बसली आहे. सकाळच्या बाजारात सहालाच पोहोचा, आठपर्यंत मखवेनवाल्या उठून जातात, असे तिने तुम्हाला कळवायला सांगितले आहे.