लेकीला पहिलं रिव्हॉल्वर द्यायचंय, टिकणारं कुठलं?

प्रश्न : दादा नमस्कार. आमचं घर गुहागर तालुक्यात, मागच्या परड्याला लागूनच रान. माझं वय ७१, माझ्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची डबल बार, म्हणजे दुनळी बंदूक, आहे, आता ती हातात धरवत नाही. मुलगी २७ वर्षांची, गुरांची डॉक्टर, कुणाची गाय अडली की रात्री बारा वाजता पण स्कूटर काढून एकटी जाते, घाटरस्ता, वाटेत रानडुक्कर, आणि माणसांचीही काळजी वाटतेच. ती परवान्यासाठी अर्ज करायचं म्हणतेय. मी तिला वाढदिवसाला पहिलं रिव्हॉल्वर घेऊन देणार, सरप्राइज. आयुष्यभर टिकेल असं कुठलं घेऊ? माझ्याच लायसनवर घेऊन तिला वापरायला दिलं तर चालेल का?
– एक बाप, गुहागर तालुका

उत्तर : भाऊ नमस्कार. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही चालणार. परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. तुमच्या नावावरचं हत्यार तिच्या पर्समध्ये सापडलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तुम्ही दोघं अडकाल, बापलेक असलात तरी. अर्ज तिच्याच नावाने, वय २१ पूर्ण हवं ते आहेच, पोलीस चौकशी, मेडिकल सर्टिफिकेट, सुरक्षित हाताळणीचं ट्रेनिंग, आणि सही जिल्हाधिकाऱ्यांची. अर्ज केला म्हणजे परवाना मिळेलच असंही नाही, धोका काय आहे ते तिला नीट लिहून द्यावं लागेल. म्हणजे सरप्राइज होऊच शकत नाही, आणि माझं मत विचाराल तर होऊही नये. पैसे तुम्ही द्या, कौतुकाने द्या, पण निवडू दे तिला.

तुमची डबल बार मात्र तिच्या नावावर होऊ शकते. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं की हयातीतच वारसाच्या नावे करायची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे, परवाना अर्थात तिला वेगळा काढावाच लागतो. २०१९ पासून एका माणसाकडे दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे डबल बार आणि एक रिव्हॉल्वर झालं की तिचा कोटा संपला हे लक्षात ठेवून ठरवा.

आता रानडुकराचं स्पष्ट बोलतो. आपल्याला मिळतं त्या बत्तीस बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचं माप) रिव्हॉल्वरने डुक्कर थांबत नाही. तुम्ही रानाकाठी जन्म काढलात, जखमी डुक्कर काय करतं ते मी तुम्हाला सांगायला नको, आणि परवानगीशिवाय वन्यप्राण्यावर गोळी झाडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे तो वेगळाच. डुकरासाठी स्कूटरला चांगला लाइट, डोक्याला हेडलॅम्प, आणि ज्याची गाय अडलीय त्यानेच वाडीच्या तोंडाशी न्यायला यायचं असा सरळ नियम. हे तिने उद्यापासून सुरू करावं, परवान्याची वाट बघत बसू नये. रिव्हॉल्वरचा विचार फक्त माणसाच्या धोक्यापुरता करायचा.

मॉडेलचं म्हणाल तर यादी लहानच आहे. नऊ एमएम आणि पॉइंट थर्टीएट ही प्रोहिबिटेड म्हणजे मनाई असलेली बोअर, आपल्यासाठी नाहीत. परदेशी माल ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला आयात करता येत नाही, म्हणून जुनी विलायती हत्यारं वेड्यासारख्या किमतीला फिरतात, नावाला भुलून घेऊ नका, किनाऱ्यावर चाळीस वर्षं काढलेल्या नळीच्या आत काय उरलंय ते बघा आधी. राहिलं मुख्यतः कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअर. त्यातलं जुनं साधं मॉडेल नळी खाली वाकवून उघडतं, अगदी तुमच्या डबल बारसारखं. २०१४ साली बायकांसाठी म्हणून निर्भीक आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन साधारण ५०० ग्रॅम, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. आणि २०२३ साली प्रबल आलं, ७०० ग्रॅमच्या आसपास, याचं सिलिंडर बाजूला बाहेर येतं, नळी वाकवावी लागत नाही.

टिकाऊपणा बघायचा तर मी प्रबलच्या बाजूने आहे. नळी वाकवून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरचा बिजागर आणि वरची कडी वर्षानुवर्षं उघडझाप करून सैल होते, मग नळी आणि सिलिंडरची रेषा चुकायला लागते. हलकं हत्यार पर्समध्ये बरं वाटतं पण झटका जास्त देतं, आणि झटक्याला घाबरलेला माणूस सराव बंद करतो. पण माझ्या आवडीपेक्षा तिचा पंजा महत्त्वाचा. पकड नीट धरून तर्जनीचं पेर ट्रिगरवर सहज पोचतं का, आणि घोडा न चढवता नुसता ट्रिगर ओढताना नळीचं तोंड हलतं का, हे तिनेच दुकानात उभं राहून बघायचं. दुकानदाराला विचारून, हत्यार रिकामं आहे हे दोनदा बघून. घोडा चढवून सिलिंडर बोटाने हलवा, किंचित हललं तर ठीक, खडखडलं तर ठेवून द्या. नळीतून उजेडाकडे बघा, आतल्या पीळांवर (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांवर) काळे खड्डे दिसले तर कितीही स्वस्त असो, नको.

आणि आता गंज, कोकणात सगळं इथेच येऊन थांबतं. मी नोकरीची सगळी वर्षं शस्त्रागारात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून काढली आणि झिजून गेलेलं हत्यार क्वचित बघितलं, गंजून गेलेली मात्र ढिगाने. ब्लूइंग म्हणजे रंग नव्हे, पोलादावरचा पातळ थर असतो, तेल धरून ठेवतो एवढंच, घामेजलेल्या बोटाचा ठसा राहिला आणि वर खारी हवा लागली की दोन दिवसांत तांबूस डाग. चामड्याच्या म्यानात कधीही साठवून ठेवू नका, चामडं ओल धरतं. माझ्या हातून एकदा एक चांगलं रिव्हॉल्वर म्यानासकट श्रावणभर पेटीत राहिलं, काढलं तेव्हा शिवणीच्या रेषेत खड्डे पडलेले, ते परत कधी भरले नाहीत आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. खोबरेलही लावू नका, कोयत्याला चालतं ते, इथे थंडीत थिजतं आणि बारीक भागांत मळ धरून बसतं. पातळ गन ऑइल, तेही नुसतं पुसण्यापुरतं, थबथबवायचं नाही, कारण जास्तीचं तेल काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारी टोपी असते तिच्यात झिरपलं तर बार उडत नाही. चिऱ्याची भिंत पावसात घाम सोडते तेव्हा लोखंडी कपाट पावसाकडच्या भिंतीला टेकवू नका. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलची पुडी, निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करायचे. मे अखेरपासून दिवाळीपर्यंत दर रविवारी उघडून पुसायचं. हत्यार रिकामं, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि चावी तिच्याकडेच.

हे सगळं करण्याआधी एक करा. तिला १० मीटरच्या एअर पिस्तुलवर चार-सहा महिने घाला. पॉइंट १७७ बोअर आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर पिस्तुलला परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त, आणि ट्रिगरची शिस्त तीच. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, त्यामागे असा कित्येक वर्षांचा रोजचा सराव आहे. जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनकडे चौकशी करा, मुंबईला जाणं होत असेल तर वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. सहा महिन्यांनी ती म्हणाली की बाबा मला हे जवळ बाळगायचं नाहीये, तर ते ऐका. न वापरता येणारं हत्यार जवळ असलं की ते समोरच्याच्या हातात जायला वेळ लागत नाही.

प्रश्न : वडील वारले, पेटाऱ्यात त्यांचं रिव्हॉल्वर आणि जुनी काडतुसं निघाली, परवान्याची मुदत कधीच संपलीय. भाऊ म्हणतो साफ करून ठेवू, आठवण म्हणून.
– वेंगुर्ले

उत्तर : साफसुद्धा करू नका, भरलेलं असू शकतं. आहे तिथेच राहू दे, खोलीला कुलूप घाला आणि आजच परवान्याचं पुस्तक नि मृत्यूचा दाखला घेऊन पोलीस ठाण्यात जा, ते सांगतील तसं जमा करा, पावती घ्या. आठवण जात नाही त्याने. वारस म्हणून तुमच्यापैकी एकाला परवान्यासाठी अर्ज करता येतो, मिळाला तर तेच हत्यार परत घरी येतं. काडतुसांवर हिरवट थर आलेला असेल तर तेही ठाण्यात स्पष्ट सांगा.