दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये (पूर्वीची डच वसाहत) हिंदीवर काम भागतं का?
अर्धंमुर्धं. तिथल्या हिंदुस्तानी, म्हणजे भारतीय वंशाच्या, घरांत सरनामी बोलतात. तिचा पाया भोजपुरी-अवधीचा, कारण ५ जून १८७३ ला कलकत्त्याहून पोचलेल्या 'लल्ला रुख' जहाजापासून पुढे आलेले गिरमिटिया (करारावर आणलेले) मजूर बहुतेक त्याच पट्ट्यातले. तुमची हिंदी कळेल, पण उत्तर सरनामीत येईल, मध्ये डच शब्द पेरलेले. ती लिहितात बहुधा रोमन लिपीत, तेव्हा देवनागरी पाट्या शोधत बसू नका. शाळा, सरकारी अर्ज सगळं डचमध्ये. राजधानी पारामारिबोच्या बाजारात मात्र स्रानान टोंगो ही तिथली क्रिओल बोली चालते: कुणी 'फा वाका?' विचारलं की 'मी दे' म्हणायचं, म्हणजे बरं चाललंय. जावानीज किंवा क्रिओल (आफ्रिकी वंशाच्या) विक्रेत्याशी हिंदी झाडण्यात अर्थ नाही. होळीला 'फगवा' म्हणतात, राष्ट्रीय सुट्टी असते.