आईबाबांचे दुभाषी तुम्ही होऊ नका

ताई, तुम्ही लिहिलंय की आईबाबा ग्रीन कार्डावर न्यू जर्सीत आलेत, इंग्रजी कच्चं असलेल्यांची तब्येतही ढासळते असं वाचलंत, मग त्यांना इंग्रजीच्या क्लासला घालावं का?

घाला की. चार माणसं भेटतील. पण सत्तरीत शिकलेल्या इंग्रजीवर डॉक्टरांशी बोलता येईल, या भरवशावर राहू नका. आणि ते आकडेही जपून वाचा. इंग्रजी येत नाही त्याचं काम बहुधा अंगमेहनतीचं, इन्शुरन्स तोकडा. तब्येत नेमकी कशाने बिघडली, सांगणं कठीण. शिवाय अशा पाहण्यांत माणसालाच स्वतःच्या तब्येतीला शेरा द्यायला सांगतात, आणि स्पॅनिश फॉर्मवर 'फेअर', म्हणजे 'जेमतेम'च्या जागी 'रेगुलार' छापतात. तो शब्द तितका वाईट वाटत नाही, म्हणून त्यावर जास्त खुणा पडतात आणि कागदावर तब्येत आहे त्याहून वाईट दिसते. आपलं 'बरी आहे' कुठल्या रकान्यात टाकणार?

भाषेचा खरा फटका बसतो तपासणीच्या खोलीत. १९८० साली फ्लोरिडात विली रामिरेझ या १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत आणलं. घरचे क्यूबन स्पॅनिशमध्ये 'इंतोक्सिकादो' म्हणाले, म्हणजे खाण्यापिण्यातून काही बाधलंय. डॉक्टरांनी तो इंग्रजी 'इंटॉक्सिकेटेड', म्हणजे नशेत, समजून ड्रग्जचा ओव्हरडोस धरला. मेंदूतला रक्तस्राव वेळेत कळला नाही आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. आपलं 'पित्त झालंय' शब्दशः सांगून बघा, पित्ताशयाची सोनोग्राफी नक्की.

माझ्या आईसोबत दोन वर्षं मीच जायचो. लघवी कपड्यात होते हे तिने एकदाही सांगितलं नाही. मुलाच्या तोंडून कसं सांगवणार? एकदा मी कामात अडकलो, नर्सने फोनवर मराठी दुभाषी बाई जोडून दिली, आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. मीही काही साधा नव्हतो. डॉक्टर किडनीबद्दल बोलायचे, मी आईला सांगायचो, "पाणी जास्त पी म्हणतात."

तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच मराठी इंटरप्रिटर मागा, आईला अवघड वाटत असेल तर बाईच हवी म्हणून सांगा. 'हिंदी चालेल ना?' विचारतील, नाही म्हणा. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला हे फुकट द्यावं लागतं, अमेरिकेच्या आरोग्य कायद्याचं, अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टचं कलम १५५७. मार्च २०२५ मध्ये इंग्रजी अमेरिकेची अधिकृत भाषा जाहीर झाली, तरी ते कलम कायम आहे. तुम्ही खोलीत बसा हवं तर, पण तोंड मिटून. मला ते अजून जमत नाही.

गोळ्यांच्या बाटल्यांवर मात्र मराठी चिठ्ठ्या तुम्हीच चिकटवा: सकाळी, जेवणाआधी, अर्धी.