वाचकांचे प्रश्न : एकाच घरात दोन रुग्ण

प्रश्न : आमच्या इमारतीत एक तरुण जोडपे राहते. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालते. बायको त्याला स्वतःची किडनी देणार आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. ती टपाल खात्यात नोकरीला आहे. घरी चार वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाई. आम्ही शेजाऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला आहे, वर्गणी सध्या माझ्या खात्यात येते. पुढे कसे करावे?
— एक शेजारी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : गट काढलात हे फार बरे केले. कुणी आजारी पडले की घरातले दुसरे माणूस डबा, औषधे, कागदपत्रे सांभाळते. इथे ते दुसरे माणूसच ऑपरेशनच्या टेबलावर असणार आहे. किडनी दुर्बिणीतून काढली तरी दात्याला साधारण चार-पाच दिवस दवाखान्यात राहावे लागते, आणि पुढचे सहा आठवडे पाच किलोपेक्षा जड काही उचलायचे नसते. म्हणजे पाण्याने भरलेली बादली नाही, सिलिंडर नाही आणि लेकीला कडेवर घेणे तर मुळीच नाही. मदतीची आखणी इथूनच सुरू करा.

बहुतेक ठिकाणी होते असे, की पहिल्या पंधरवड्यात एकाच दिवशी चार घरचे डबे येतात, आणि दुसऱ्या महिन्यात तपासण्यांच्या फेऱ्या जोरात असताना विचारायला कुणी नसते. म्हणून बारा आठवड्यांचा तक्ता कागदावर करा. मुलीला शाळेत सोडणे-आणणे, सासूबाईंची आंघोळ आणि सोबत, डबा, औषधे आणणे, दवाखान्यात नेणे, अशी कामे नावानिशी लिहा. दर कामाला एक बदली माणूस ठेवा. जोडप्याला फोन एकानेच करायचा, तोही दिवसातून एकदा. बाकीच्यांनी खुशाली त्याच्याकडून घ्यावी.

दवाखान्यात नेणाऱ्याला एक गोष्ट पक्की सांगून ठेवा. पहिला महिना बहुधा आठवड्यातून दोनदा रक्ततपासणी असते. त्यात टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाची रक्तातली पातळी पाहतात. हे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते. रोजच्या सवयीने गोळी घेऊन माणूस निघाला की पातळी खोटीच जास्त दिसते, त्यावरून डोस कमी केला जातो, आणि शरीर नवी किडनी नाकारू लागण्याचा धोका उभा राहतो. सकाळची गोळी डबीत घालून सोबत न्यावी, रक्त दिल्यावर लगेच घ्यावी. रात्रीची नऊला असेल तर रक्त सकाळी नऊच्या सुमारास.

औषधे आणणाऱ्याने पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि त्याच कंपनीचे औषध घ्यावे. दुकानदाराने ‘तेच आहे, स्वस्त पडेल’ म्हटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टॅक्रोलिमसची कंपनी बदलू नये, कारण बदलल्यावर पातळी पुन्हा तपासावी लागते. दहा दिवसांचा साठा उरला की नवा आणा. मात्र सुरुवातीला डोस सारखा बदलतो, तेव्हा तीन-तीन महिन्यांचा भरून ठेवू नका.

आता पैसे. वर्गणी तुमच्या खात्यात घेणे आजच थांबवा. मित्र-शेजाऱ्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५०,००० रुपयांहून जास्त भेट आली, तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचे करपात्र उत्पन्न धरली जाते. आईवडील, भावंडे, काका-मामा यांनी दिलेल्या पैशाला हा नियम नाही. म्हणून देणाऱ्यांनी दवाखान्यातच रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर पैसे भरून पावती घ्यावी. जे जोडप्याच्या खात्यात जाईल ते सीएला विचारून.

त्याआधी सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे पाहा. ती केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. नवऱ्याचे नाव तिच्या कार्डावर असेल तर ऑपरेशनची परवानगी आणि पुढची औषधे त्यातून मिळू शकतात, आणि ही औषधे नवी किडनी चालते तोवर घ्यायची असतात. अशी सोय नसलेल्या घरांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेकडे जावे. किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये झाली. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठून पूर्वमंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते. मंजुरी मिळाली तर वर्गणी कशावरही उधळू नका. सासूबाईंसाठी बाई, ऑटोचे भाडे, बुडालेला पगार, हे खर्च कोणतीच योजना देत नाही. निम्मी रक्कम तिसऱ्या महिन्यानंतरसाठी राखा.

तिची रजा हाही पैशाचाच भाग आहे. केंद्रीय कर्मचाऱ्याने अवयव दान केला तर २०२३ च्या आदेशानुसार ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. डॉक्टरांच्या शिफारशीचा कागद लागतो, तो भरती होण्याआधीच मागून घ्या.

दाता आणि रुग्ण यांची अखेरची रक्तजुळणी कधीकधी ऐनवेळी बिघडते. तेव्हा घाबरून गटात ‘किडनी हवी, मोबदला देऊ’ असा मेसेज कुणी टाकू नये. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने तो गुन्हा आहे, शिक्षा पाच ते दहा वर्षांची. सरळ मार्ग शिल्लक असतात. दुसरा जवळचा नातेवाईक, किंवा अशाच अडचणीतल्या दुसऱ्या जोडप्याशी दात्यांची अदलाबदल, किंवा दवाखान्यामार्फत नागपूरच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, प्रतीक्षा यादीत नोंद.

प्रश्न : भाचा प्रत्यारोपण होऊन एप्रिलमध्ये घरी येतो आहे. डबा मी देणार. त्याला संत्री आणि सावजी दोन्ही आवडते. घरात कुलर आहे. काय सांभाळू?
— मावशी, धरमपेठ

उत्तर : मावशी, डबा ताजा आणि गरम पाठवा, शिजल्यापासून दोन तासांच्या आत खाल्ला जाईल असा. मीठ आणि तेल बेताचे. कच्ची कोशिंबीर, चिरून ठेवलेली फळे, बाहेरची चटणी, पाणीपुरी, कच्चे दूध पहिले काही महिने नको, तर्रीपोह्यावरचा बाहेर चिरलेला कांदाही नको. बाहेरचे सावजी थांबवा. घरी पूर्ण शिजवलेले मटण डॉक्टरांना विचारून. पेढे-मिठाई आणू नका, कारण या औषधांनी साखर वाढते. संत्र्याचा औषधाशी झगडा नाही, पण त्यात पोटॅशियम असते आणि टॅक्रोलिमसनेही पोटॅशियम वाढते, तेव्हा किती खावे ते रक्ताचा रिपोर्ट पाहून ठरते. पपनस मात्र अजिबात नाही, त्याने औषधाची पातळी चढते. गुळवेलीचा काढा किंवा प्रतिकारशक्ती वाढवणारे काहीही प्रेमापोटीसुद्धा देऊ नका. त्याची प्रतिकारशक्ती डॉक्टरांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, नाहीतर शरीर किडनीवरच तुटून पडेल.

कुलर त्याच्या खोलीतून काढा. ओल्या ताट्यांवर बुरशी धरते, टाकीतल्या साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि पंखा ते सगळे त्याच्या श्वासात सोडतो. नागपूरच्या मे महिन्यात एकट्या पंख्यावर भागत नाही, म्हणून त्या एका खोलीपुरता एसी भाड्याने घ्या, जाळी दर पंधरवड्याला धुवा. औषधेही त्याच खोलीत ठेवा. स्वयंपाकघरातल्या फळीवर किंवा गाडीच्या डिकीत ती तापून खराब होतात. पाणी उकळून गार केलेले, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की क्रिएटिनिन (किडनी कसे काम करते ते दाखवणारा रक्तातला घटक) वाढते.

रोज सकाळी वजन, ताप, रक्तदाब आणि लघवीचे माप वहीत लिहावे. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, लघवी घटली, एका दिवसात किलोभर वजन वाढले किंवा किडनी बसवलेल्या जागी दुखले, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात फोन करा. क्रोसिन देऊन ताप झाकू नका. पहिले तीन महिने भेटायला जाऊ नये. ज्याला जावेच लागते त्याने हात धुऊन, मास्क लावून जावे, आणि सर्दी असेल तर डबा दाराशी ठेवावा.

प्रश्न : माझ्या सुनेने मुलाला किडनी दिली. तिच्यासाठी पुढे काय पाहावे? — वाचक, नंदनवन

उत्तर : दरवर्षी तिचा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासा. सगळे मुलाच्या तपासण्यांत गुंततात आणि तिच्या राहून जातात, म्हणून दोघांची तारीख एकच ठेवा. डोके, पाठ, गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन तिने मनाने घेऊ नये, मुलानेही नाही. मूल हवे असेल तर निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबावे. किडनी दिलेल्या स्त्रीला गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना हे पहिल्याच भेटीत सांगावे. मुलाच्या गोळ्यांपैकी काही मूल ठरवण्याआधी बदलाव्या लागू शकतात. त्या स्वतःहून बंद करू नयेत, त्याच्या किडनीतज्ज्ञांना आधी विचारावे.