लाईट आली, लाईट लागली : स्मार्ट उपकरणांच्या माहितीपत्रकांबद्दल वाचकांचे प्रश्न

इंटरनेटला किंवा मोबाइल नेटवर्कला जोडलेल्या उपकरणांची मराठी माहितीपत्रकं कशी लिहावीत, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. सर्वाधिक प्रश्न पंपाच्या मोबाइल स्टार्टरबद्दल, म्हणजे सिम घालून फोनवरून मोटार चालू-बंद करायच्या यंत्राबद्दल होते, म्हणून जागाही त्यालाच जास्त दिली आहे.

प्रश्न : आम्ही शेतीपंपासाठी मोबाइल स्टार्टर बनवतो. बारा पानी माहितीपत्रक देऊनही रोज फोन येतात की ‘मोबाइलवरून मोटार चालू होत नाही’. पत्रकात काय चुकत असेल? (एक अभियंता, इचलकरंजी)

बहुतेक पत्रकं वैशिष्ट्यांपासून सुरू होतात आणि सिम कार्डाची माहिती सातव्या पानावर येते. शेतकरी मात्र पेटी उघडून सगळ्यात आधी सिमच टाकतो. तेव्हा पहिलं पान सिमचं करा आणि त्यात गुळमुळीत काही ठेवू नका. तुमच्या यंत्रातलं मोडेम (यंत्राला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) फक्त टू-जीवर चालणारं असेल, तर जिओचं सिम त्यात चालणार नाही, कारण जिओचं टू-जी नेटवर्कच नाही. हे स्पष्ट लिहा. ‘कोणतंही जीएसएम सिम वापरावं’ असं लिहिलंत, तर घरात पडलेलं जिओचं सिमच त्यात जाणार.

त्यानंतरचा क्रम असा ठेवा. सिम आधी साध्या फोनमध्ये घाला. त्यावरून एक फोन लावून पाहा, एक मेसेज पाठवून पाहा. सिमला पिन लॉक असेल तर तिथेच काढा, कारण स्टार्टरला पिन टाकता येत नाही. रिचार्जची मुदत कधी संपते ती तारीख पत्रकावरच लिहायला रकाना द्या. ‘दोन महिने छान चालला आणि मग बंद पडला’ अशी तक्रार आली, तर आधी रिचार्ज विचारायचं असतं. मग अँटेना. स्टार्टरची पेटी पत्र्याची असते आणि पत्रा सिग्नल अडवतो. अँटेना पेटीच्या आत गुंडाळून ठेवली तर रेंज येत-जात राहते. ‘अँटेना योग्य ठिकाणी बसवा’ हे वाक्य काही सांगत नाही. ‘अँटेना पेटीच्या बाहेर, वरच्या बाजूला, उभी बसवा’ हे सांगतं.

दुसरी मोठी गडबड ड्राय रनच्या, म्हणजे मोटार पाण्याविना कोरडी फिरू नये यासाठीच्या सेटिंगची. यंत्र मोटारीचा करंट मोजतं, आणि पाणी तुटलं की करंट उतरतो म्हणून मोटार थांबवतं. सेटिंग करताना विहिरीला पुरेसं पाणी हवं, व्होल्टेज नेहमीसारखं हवं आणि मोटार काही मिनिटं सलग चाललेली हवी. हे पत्रकात नसेल तर बसवणारा माणूस मोटार सुरू केल्या केल्या बटण दाबून मोकळा होतो. समजा, पाणी ओढताना मोटार ८ अँपिअर घेते आणि पाणी तुटल्यावर ५ वर येते. मग सेटिंग या दोहोंच्या मध्ये, साडेसहाच्या आसपास बसायला हवं. ते ७.८ वर बसलं तर व्होल्टेज जरा हललं की मोटार उगाच थांबते. ४ वर बसलं तर मोटार कोरडी फिरून जळते. पत्रकात हे दोन्ही परिणाम लिहा आणि दोन आकडे टिपायला दोन चौकोन छापा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं किंवा जळलेली मोटार भरून (नवं वाइंडिंग करून) आणली, तर सेटिंग पुन्हा करावं लागतं, ही ओळ त्या चौकोनांखालीच हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लांबून चालणाऱ्या यंत्राला दोन माणसं असतात. एक फोन घेऊन गावात बसलेला आणि एक मोटारीजवळ, कदाचित विहिरीत उतरलेला. बहुतेक पत्रकं पहिल्याशीच बोलतात. जीव दुसऱ्याचा जातो. फोनवरून ‘बंद’ केलं म्हणजे मोटार सुरक्षित झाली असं नसतं. ऑटो मोड चालू असेल तर वीज येताच मोटार उठते. घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर नोंदलेला असेल तर तो चालू करू शकतो. आणि मेसेजवर चालणाऱ्या यंत्रात आणखी एक धोका आहे. यंत्राला रेंज नसताना पाठवलेला ‘चालू’ मेसेज मोबाइल कंपनीच्या सर्व्हरवर थांबून राहतो आणि रेंज आल्यावर, कधी तासाभरानेही, यंत्राला मिळतो. तोवर पाठवणारा ते विसरलेला असतो. म्हणून इशारा शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांत नको. तो वायर जोडायच्या पायरीच्या आधी हवा, आणि स्टार्टरच्या दाराच्या आतल्या बाजूला स्टिकरवरही हवा. मजकूर असा ठेवता येईल :

धोका! ही मोटार फोनवरून किंवा आपोआप, न सांगता सुरू होते. विहिरीत उतरण्याआधी आणि वायर, पाइप किंवा मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा. तिन्ही फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवा. फोनवरून बंद करणं पुरेसं नाही.

‘आवश्यक ती खबरदारी घ्यावी’ असं वाक्य याच्या जागी चालणार नाही. कुठली खबरदारी, ते त्यात नाही.

प्रश्न : ऑटो मोडबद्दल किती लिहावं? शेतकऱ्यांना तो हवाच असतो.

हवा असतो, कारण थ्री फेज वीज बऱ्याचदा रात्री असते आणि तिची वेळ बदलत राहते. पण एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटारी वीज येताच एका क्षणी उठल्या, तर अडचण होते. मोटार सुरू होताना नेहमीच्या करंटच्या कित्येक पट करंट ओढते. व्होल्टेज कोसळतं, डीपीचे फ्यूज उडतात, ट्रान्सफॉर्मर जळण्यापर्यंत पाळी येते. तुमच्या यंत्रात वीज आल्यावर थांबायची वेळ ठरवता येत असेल, तर ते सेटिंग ‘इतर’ या मथळ्याखाली दडवू नका. शेजाऱ्यांनी आपसात वेळा वाटून घ्याव्यात, एकाने २ मिनिटं, दुसऱ्याने ४, तिसऱ्याने ६, असं उदाहरणच द्या.

प्रश्न : शुद्ध मराठी पारिभाषिक शब्द वापरावेत की बोलीतले? आमच्याकडे यावरून कायम वाद होतो. (भाषांतरकार, पुणे)

दुकानात, शेतात जो शब्द चालतो तो वापरा. मोटार, स्टार्टर, फेज, फ्यूज, रेंज. ‘संयंत्र कार्यान्वित करावे’ म्हणजे ‘चालू करा’. पण खरा धोका शुद्ध-अशुद्धाचा नाही, एका शब्दाच्या दोन अर्थांचा आहे.

‘लाईट’ घ्या. ‘लाईट आली’ म्हणजे वीज आली. ‘लाल लाईट लागली’ म्हणजे यंत्रावरचा दिवा लागला. आता ‘लाईट गेल्यास दहा सेकंद थांबा’ या वाक्यात काय गेलं? म्हणून पत्रकात विजेला वीज म्हणा आणि यंत्रावरच्या खुणेला दिवा. तसंच ‘बंद’. ‘मोटार बंद झाली’ यात कुणी बंद केली, वीज गेली की बिघाड झाला, काहीच कळत नाही. माणसाने केली तर ‘बंद केली’, यंत्राने केली तर ‘यंत्राने थांबवली’, बिघडली तर ‘बंद पडली’. हे तीन वेगळे ठेवले की दुरुस्तीचे निम्मे फोन स्पष्ट होतात.

‘दाबा’ आणि ‘दाबून धरा’ हाही असाच मामला. दाबा म्हणजे टिचकी. दाबून धरायचं असेल तर किती सेकंद, आणि सोडायचं कधी, ते लिहा : ‘दिवा भराभर लुकलुकू लागेपर्यंत दाबून धरा, साधारण ५ सेकंद.’ सेकंद मोजण्यापेक्षा दिवा पाहणं सोपं असतं. दिव्याबद्दल लिहिताना नुसत्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरवा फरक न कळणारे लोक असतात, आणि भर उन्हात रंग कुणालाच दिसत नाही. ‘सेकंदाला दोनदा लुकलुकतो’, ‘सलग जळतो’ असं सांगा.

आणि स्क्रीनवर जे उमटतं ते पत्रकात जसंच्या तसं छापा. स्टार्टरवरच्या दोन ओळींच्या, सोळा अक्षरी डिस्प्लेमध्ये देवनागरी नसते. त्याच्या नेहमीच्या चिपमध्ये स्वतःची अक्षरं भरायला फक्त आठ जागा असतात, त्यात जोडाक्षरांसकट मराठी मावत नाही. डिस्प्ले रोमन अक्षरं दाखवत असेल तर पत्रकात त्याच अक्षरांचं चित्र द्या आणि शेजारी मराठी अर्थ. नुसतं भाषांतर दिलंत तर वाचणाऱ्याला स्क्रीनवरचे शब्द पत्रकात सापडत नाहीत.

प्रश्न : यंत्राकडून येणारे मेसेज मराठीत केले, तर ते अर्धवट पोहोचतात असं ग्राहक सांगतात. फॉन्टचा दोष आहे का?

फॉन्टचा नाही, लांबीचा. रोमन अक्षरांतल्या एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरी आली की हीच मर्यादा ७० होते, मग मेसेजमध्ये देवनागरीचं एकच अक्षर का असेना. आणि मोजताना प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगळा धरला जातो. ‘च्या’ आपल्याला एक अक्षर दिसतं, मोजणीत ते चार आहे. ७० च्या पुढे मेसेज गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे होतात आणि ते वेगवेगळे प्रवास करतात.

आता हे वाक्य पाहा : ‘आपल्या कृषिपंपाची मोटार पाण्याच्या अभावामुळे सुरक्षिततेसाठी स्वयंचलितपणे बंद करण्यात आलेली आहे.’ मोजलं तर ९५ भरतं. पहिला तुकडा ‘स्वयंचलितपणे’ या शब्दाच्या मध्येच संपतो, आणि मुख्य बातमी, म्हणजे ‘बंद’, दुसऱ्या तुकड्यात जाते. तो उशिरा आला किंवा मोडेमला तुकडे नीट जोडून पाठवता आले नाहीत, तर माणसाला काय कळणार? याऐवजी ‘मोटार थांबली. पाणी नाही. ६.२०’ लिहा. २९ अक्षरं. काय झालं ते आधी, कारण नंतर, वेळ शेवटी. कोणते मेसेज येऊ शकतात त्या सगळ्यांची यादी पत्रकात, प्रत्येकासमोर ‘आता काय करायचं’ याच्यासकट द्या. हे मेसेज प्रोग्राम करणाऱ्याने घाईत लिहू नयेत. पत्रक लिहिणाऱ्यानेच लिहावेत.

प्रश्न : वायफायच्या स्मार्ट प्लगसाठी पत्रक लिहितो आहे. ‘जोडणी अयशस्वी’ या एका तक्रारीने हैराण झालो आहोत. (नाशिक)

स्वस्त प्लगमधली वायफाय चिप बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालते. घरचा नवा राउटर २.४ आणि ५ अशी दोन्ही नेटवर्क एकाच नावाने देतो, फोन ५ वर बसतो आणि जोडणी अडते. लिहा : राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, किंवा जोडणीपुरतं ५ चं नेटवर्क बंद ठेवा. हॉस्टेल, ऑफिसच्या वायफायवर ब्राउझरमध्ये नाव-पासवर्ड भरावा लागतो. तिथे हा प्लग चालत नाही, कारण ते पान तो उघडूच शकत नाही. हे खरेदीआधी कळायला हवं, म्हणून खोक्यावरच छापा. अॅप लोकेशनची परवानगी मागतं तेव्हा लोक बिचकून ‘नको’ म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये आसपासची वायफाय शोधायला ही परवानगी लागते, हे कारण त्याच पायरीवर एका ओळीत द्या.

भाराबद्दल नुसते अँपिअर लिहू नका, उपकरणांची नावं लिहा. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. तो ६ अँपिअरच्या प्लगवर लावला तर प्लग तापून वितळतो. इस्त्री आणि रूम हीटर लांबून चालू करू नयेत, कारण जवळ काय पडलं आहे ते फोनवर दिसत नाही. वीज जाऊन परत आल्यावर प्लग चालू राहणार की बंद, हे सेटिंग गिझरवाल्यांसाठी ठळक हवं.

प्रश्न : कागद वाचवायला फक्त क्यूआर कोड दिला तर चालेल का?

नेट नसताना लागणारी माहिती कागदावरच हवी : वायरिंग, धोक्याच्या सूचना, हाताने चालू करायची रीत, रिसेट. बाकीचं क्यूआरमागे ठेवा, आवृत्ती आणि तारीख घालून. अॅपची चित्रं कागदावर शक्यतो टाळा. पुढच्या अपडेटला बटण हललं की ती खोटी ठरतात.

प्रश्न : पासवर्ड आणि खासगी माहितीबद्दल पत्रकात काय यायला हवं?

सगळ्या नगांना एकच पासवर्ड, तोही पत्रकात छापलेला, ही जुनी रीत सोडा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने असे समान पासवर्ड बंद आहेत, आणि सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते सांगणंही बंधनकारक आहे. भारतात दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये नेटला जोडलेल्या घरगुती उपकरणांसाठी काढलेल्या आचारसंहितेचा रोखही हाच आहे. तेव्हा प्रत्येक नगाचा पासवर्ड त्याच्या स्टिकरवर, आणि पत्रकात अपडेटची शेवटची तारीख. ‘आजीवन’ नको, तारीख हवी.

उपकरण विकताना किंवा भाडेकरू बदलताना काय करायचं, यासाठी अर्धं पान राखा : आधी अॅपमधून उपकरण काढा, मग रिसेट करा. नुसतं रिसेट केलं तर काही उपकरणं जुन्या मालकाच्याच खात्याला चिकटून राहतात. पंपाच्या स्टार्टरमध्ये जुने नोंदलेले नंबर पुसणं हेच काम आहे. ग्राहकाची माहिती घेण्याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा, अशी तरतूद डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे, म्हणजे तो मजकूरही तुम्हालाच लिहायचा आहे.

प्रश्न : छापण्याआधी पत्रक तपासायचं कसं?

ज्याने असं यंत्र कधी बसवलं नाही अशा माणसाच्या हाती बंद पेटी आणि पत्रक द्या. मोटारीच्या जागी दिवे जोडलेली, वीजतंत्र्याने तयार केलेली फळी वापरा. शेजारी बसा, पण बोलू नका. त्याचं बोट ओळीवर कुठे थांबतं, कोणतं पान तो मागे उलटतो, कुठे तो पत्रक बाजूला ठेवून अंदाजाने बटणं दाबू लागतो, तेवढं पेन्सिलीने टिपा. तिथली वाक्यं पुन्हा लिहा आणि दुसऱ्या नवख्या माणसाला बसवा. पहिला आता शिकलेला आहे, तो चालणार नाही.